कर्टिसची कानटोपी

कर्टिस फ्रीसनचा फोन आला तेव्हा मी बस डेपोत हीटरवर मोजे वाळत घालून बसले होते. नंबर अनोळखी होता. अनोळखी नंबर मी सहसा उचलत नाही. एक तर कुणाला काहीतरी विकायचं असतं, नाहीतर कुणीतरी गेलेलं असतं.

“रोंडे, जिवंत आहेस का गं?”

तीस वर्षांनी फोन करतो आणि हे विचारतो! मला रोंडे म्हणणारी जगात दोनच माणसं. एक माझी आई, ती गेली. दुसरा हा.

“मेले असते तर फोन कुणी उचलला असता?” मी म्हटलं. “आणि माझा नंबर तुला दिला कुणी?”

“शाळेच्या ग्रुपवरून घेतला. तू तिथे कधी तोंड उघडत नाहीस, पण नंबर आहे.” तो हसला. विनोद करायच्या आधी स्वतःच हसायची त्याची खोड अजून तशीच होती. “बाबांना वृद्धाश्रमात ठेवलं. घर रिकामं करायला आलोय कॅल्गरीहून, लेकीला घेऊन. ऐक, रविवारी दुपारी हॉकीचा सामना आहे. तीन तिकिटं काढलीत. आपले लोक जुने शर्ट घालून खेळणार आहेत, आपल्या वेळचे. येतेस ना? की अजून रागावलेली आहेस?”

“मी कशाला रागावू?”

“माझ्या पत्राला उत्तर दिलं नाहीस म्हणून म्हटलं.”

येते म्हणाले आणि फोन ठेवला. मोजे वाळले होते तरी तशीच बसून राहिले. माझ्या घरी, पलंगाखालच्या ड्रॉवरमध्ये, कर्टिसची एक कानटोपी आहे. ती माझ्याकडे आहे हे त्याला ठाऊक नाही. शहाण्णवच्या जानेवारीपासून ठाऊक नाही. रविवारी ती त्याच्या हातात द्यायची आणि काय झालं ते सगळं सांगून टाकायचं, असं मी तिथेच बसल्या बसल्या ठरवलं.

आमची बारावी आणि आमच्या शहराचा आइस हॉकी संघ एकाच वसंतात संपले. संघ विकला गेला होता. पुढच्या हंगामापासून तो अमेरिकेतल्या वाळवंटात जाऊन खेळणार होता, जिथे लोकांनी बर्फ फक्त सरबतात पाहिलेला. शाळेत सगळ्यांना सुतक पडल्यासारखं झालं होतं. इतिहासाचे ओल्सन सर दर सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात उरलेल्या घरच्या सामन्यांचा आकडा लिहायचे, आणि तो पुसायची कुणाची छाती नव्हती. आम्हाला वाटायचं, संघ जातोय म्हणून रडू येतंय. अर्धं रडू तर आमच्या स्वतःच्याच जाण्याचं होतं. पण सतराव्या वर्षी ते कोण कबूल करतं?

कर्टिसचा लॉकर माझ्या शेजारी. लांबुडका, दात जरा पुढे, पायात कायम उघड्या नाड्या. त्याची आई त्या ऑक्टोबरमध्ये कॅन्सरने गेली. इस्पितळात पडल्या पडल्या तिने त्याच्यासाठी एक कानटोपी विणली होती. संघाच्या रंगांची, गडद निळी, वर पांढरे आणि लाल पट्टे. शेवटच्या पट्ट्याला लाल लोकर संपली म्हणून तिने डाळिंबी लावली. आणि दुमडायच्या काठावर पांढरी फीत शिवून तिच्यावर दोऱ्याने नाव घातलं: कर्टिस फ्रीसन, खोली ११२. बारावीतल्या पोराला बालवाडीसारखी नावाची आणि वर्गाच्या खोलीची फीत! काठ दुमडला की फीत घडीत लपायची. कर्टिस ती घडी कधी उलटायचा नाही. टोपी मात्र वर्गातसुद्धा काढायचा नाही, आणि सरही त्याला काही म्हणायचे नाहीत.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही दोघं नेहमीसारखे वरून दुसऱ्या रांगेत बसलो होतो. तिथून समोर टांगलेलं इंग्लंडच्या राणीचं भलंमोठं चित्र छान दिसायचं आणि खेळाडू मुंग्यांएवढे. आमच्या संघात सव्वीस नंबरचा एक धटिंगण होता. त्याचं काम धक्काबुक्कीचं. गोल करणं हे त्याच्या खात्यात येत नव्हतं. त्या दिवशी मात्र त्याला काय झालं होतं कोण जाणे. एक गोल, मग दुसरा. आणि शेवटच्या दहा मिनिटांत तिसरा!

एकाच गड्याने तीन गोल केले की आमच्याकडे लोक डोक्यावरची टोपी काढून बर्फावर फेकतात. जो टोपी जपतो तो कंजूस. वरच्या रांगांतली टोपी खाली पोचत नाही, म्हणून खालचे ती झेलतात आणि पुढे फेकतात, त्यांच्या खालचे आणखी पुढे. मी टोपी घातली नव्हती, कारण केस फुगवायला सकाळी तासभर घालवला होता, आणि तो कुणासाठी ते सांगायला नको. सगळे उभे राहिले, ओरडले, टोप्या उडाल्या. माझ्या हातात फेकायला काही नव्हतं. मी शेजारच्या डोक्यावरची टोपी ओढली आणि भिरकावली.

ती पाच-सहा हातांतून उड्या मारत खाली जाताना मी पाहिली. ती कुणाची आहे हे बर्फावर पडल्यावर माझ्या लक्षात आलं.

कर्टिस डोक्यावर हात ठेवून उभा होता. “कुणी ओढली?”

“मागच्याने,” मी म्हटलं. “त्या लाल दाढीवाल्याने.” लाल दाढीवाला बिचारा केव्हाच बिअर आणायला गेला होता.

वर आणखी गंमत म्हणजे, दोन मिनिटांनी घोषणा झाली की तो गोल सव्वीस नंबरचा नव्हताच. आमच्याकडे चेंडूऐवजी असते ती रबरी चकती वाटेत दुसऱ्या कुणाच्या काठीला लागून आत गेली होती. गोल त्याच्या नावावर. हॅटट्रिक रद्द. टोप्या तोवर फावड्याने ओढून पोत्यांत भरल्या होत्या. टोप्या काही रद्द होत नाहीत.

सामना संपल्यावर कर्टिस स्टेडियमच्या मागच्या दाराशी तासभर उभा राहिला. उघडे कान लालचे पांढरे झाले तेव्हा मी त्याला माझा मफलर गुंडाळला. टोप्या धुऊन बेघरांच्या निवाऱ्यांना जातात, एवढंच तिथला माणूस सांगत होता. “शोधू आपण,” मी म्हटलं. “सगळे निवारे पालथे घालू.” आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की आम्ही दोघं बसने निघायचो.

तिसऱ्या दिवशी मी घरी आले तर स्वयंपाकघरात टोप्यांचा ढीग पडलेला, सगळ्या बिअरने आंबलेल्या. आई टबात हात घालून बसलेली.

“हे काय गं?”

“चर्चच्या बायकांचं काम. यंदा धुण्याची पाळी माझी,” आई म्हणाली. “या लोकांना टोपी फेकायला काय जातं! थंडीत बोडक्याने घरी जातात आणि मग शिंकतात, मूर्ख कुठले. उभी काय राहिलीस, त्या पिळून दे.”

ढिगात चौथी-पाचवी तीच होती. डाळिंबी पट्टा. मी घडी उलटून पाहिली. कर्टिस फ्रीसन, खोली ११२.

त्याचं घर आमच्यापासून चार गल्ल्या. धावत गेले असते तर पाच मिनिटं. मी टोपी पिळली, वाळवली आणि उशीच्या अभ्र्यात ठेवली. उद्या देईन म्हटलं, कारण उद्या आम्ही नदीपलीकडच्या निवाऱ्यात जायचं ठरवलं होतं. बसला जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. दिली असती तर कशाला गेलो असतो?

दुसऱ्या दिवशी बसमध्ये खिडकीवरचं दहिवर नखाने खरवडत तो आईविषयी बोलायला लागला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. ती गाडी चालवताना गात असे, पिरोगीच्या करंज्या लाटताना नवऱ्याला शिव्या देत असे, शेवटी शेवटी कर्टिसचं नाव विसरली पण त्याच्या वर्गाच्या खोलीचा नंबर विसरली नाही. मी ऐकत होते. खांद्याला त्याचा खांदा लागत होता. मग परवा, मग तेरवा. सहा आठवडे आम्ही तशी टोपी शोधली. मी चोर होते, आणि त्या सहा आठवड्यांत होते तितकी सुखी पुन्हा कधी झाले नाही. दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही.

एप्रिलमध्ये संघाचा शेवटचा सामना झाला. जूनमध्ये शाळा संपली. ऑगस्टमध्ये कर्टिस कॅल्गरीला नोकरीवर गेला. दर रात्री मी म्हणत होते, उद्या देईन. ख्रिसमसला त्याचं पत्र आलं: ‘इथल्या लोकांना हॉकी कळत नाही. तुला करमतं का?’ उत्तर लिहायला बसले की पहिलं वाक्य टोपीचं यायचं, म्हणून उत्तर राहिलं.

नंतरचं सांगण्यासारखं फार नाही. लग्न एकदा केलं. चार वर्षं टिकलं, त्यांतलं एक बरं होतं. शहराची बस चालवते, बावीस वर्षं झाली. ते जुनं स्टेडियम पाडलं, तिथे आता दुकानं आहेत, आणि माझ्या रूटवर तो थांबा येतो. उतरणारं कुणी नसलं तरी मी तिथे दार उघडते. आत थंडी येते, लोक कुरकुरतात. मी ऐकून घेते आणि दार लावते. पुढे दुसरा संघ आला आणि जुनं नाव लावून खेळू लागला. सगळं शहर नाचलं. मी एकदाही गेले नव्हते. ज्याच्याबरोबर जायचं तो नसला की नुसतं नाव काय करायचं?

रविवारी टोपी बॅगेत घातली आणि गेले. दाराशी एक टकलू माणूस हात हलवत होता.

“केस कुठे गेले रे?”

“वाळवंटात. संघाबरोबर गेले ते,” कर्टिस म्हणाला. “संघ तरी परत आला.” त्याने मला कुशीत घेतलं, पाठीवर थाप मारली, आणि लगेच सोडलंही. “ही ब्रिन. चौदा वर्षांची आहे, त्यामुळे आज बोलेल की नाही सांगता येत नाही.”

“बाबा!” ब्रिन म्हणाली. बाहेर उणे अठ्ठावीस, आणि कार्टी उघड्या डोक्याने. कानांच्या पाळ्या लालबुंद झालेल्या. हल्लीच्या पोरांना टोपी घालायची लाज वाटते.

पहिल्या विश्रांतीत कॉफी घ्यायला उभे राहिलो. इथे सांगायचं, असं मी ठरवून आले होते. पाठ करून आले होते म्हटलं तरी चालेल. बॅगेची चेन उघडून हात आत घातला होता, तेवढ्यात ब्रिन माझ्याकडे वळली.

“टोपीच्या गोष्टीतल्या रोंडा त्या तुम्हीच ना?”

माझा हात बॅगेतच राहिला. “कुठली गोष्ट?”

“बाबांनी आजीची टोपी फेकली ती. तुम्ही शेजारी होतात.”

“अगं, हिच्यासमोरच फेकली!” कर्टिस खुशीत म्हणाला. “सव्वीस नंबरची हॅटट्रिक. सगळे फेकत होते. मी टोपी काढली, एकदा बघितली, आणि मनात म्हटलं, आई, जा आता. आणि दिली फेकून. या हाताने. सांग ना रोंडे, हिला माझ्यावर विश्वास नाही. सांग कशी फेकली ते.”

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारा माणूस मला लगेच कळतो, मी स्वतः त्यातलीच आहे. लाल दाढीवाला, मागचं दार, सहा आठवडे, नदीपलीकडचा निवारा, बसची खिडकी: त्यातलं काहीही त्याच्यापाशी उरलं नव्हतं. त्याने ती जागा दुसऱ्या कशाने तरी भरून टाकली होती.

“आणि नंतर शोधली नाही?” मी विचारलं.

“फेकलेली टोपी कुणी शोधतं का, वेडे?”

ब्रिन स्वच्छतागृहाकडे गेली तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, “माझं आणि तिच्या आईचं मागच्या वर्षी मोडलं. तेव्हापासून पोरीने नव्या घरातलं एक खोकं उघडलेलं नाही. जुन्या घराची किल्लीसुद्धा गळ्यात घालून झोपते. काय बोलावं कळेना, तेव्हा एका रात्री मी तिला ही गोष्ट सांगितली. आईची वस्तू सोडून देणं मलाही जमलं होतं, असं. दुसऱ्या दिवशी तिने पहिलं खोकं उघडलं.” त्याने कॉफीचा घोट घेतला. “म्हणून म्हटलं, तूच सांग. तू पाहिलंयस.”

ब्रिन परत आली. दोघं माझ्याकडे बघत होते. बॅगेत माझी बोटं त्या घडीवर होती. आतल्या फितीचे टाके बोटांना लागत होते. बाहेर काढून घडी उलटली असती की झालं असतं. मी मोकळी झाले असते. आणि त्या पोरीपाशी मग काय उरलं असतं?

“उजव्या हाताने फेकली,” मी म्हटलं. “लांब गेली. खालच्या लोकांना झेलावी पण लागली नाही.”

“बघ!” कर्टिस म्हणाला.

ब्रिन हसली. दात बापासारखे, जरा पुढे.

मला त्या क्षणी कर्टिसचा राग आला, हे सांगितलं पाहिजे. माझ्या आयुष्यातले चांगले म्हणावेत असे सहा आठवडे, आणि त्या माणसाने ते सांडून टाकले होते. आता ते फक्त माझ्याच डोक्यात होते, आणि तिथे ते खरे होते हे सांगायला दुसरा साक्षीदार नव्हता. उलट साक्ष मीच दिली होती, माझ्याविरुद्ध.

तिसऱ्या आणि शेवटच्या सत्रात आमच्या एका कोवळ्या पोराचे दोन गोल झाले. समोरचे मागे होते, म्हणून शेवटच्या मिनिटाला त्यांनी गोलरक्षक बाहेर काढून त्याच्या जागी चढाईला एक गडी घातला, गोल उघडा पडला, आणि चकती नेमकी त्याच पोराकडे आली. सगळं स्टेडियम टोप्या हातात घेऊन उभं राहिलं. कर्टिसने दुकानातून घेतलेली नवी टोपी काढली. बॅगेतून डोकावणारी लोकर त्याला दिसली.

“रोंडे, तू पण आणलीयस की! काढ, काढ!” त्याने ती स्वतःच ओढून काढली आणि हातात धरून पाहिली. “अगदी आईच्या टोपीसारखी आहे गं. फक्त त्या टोपीला वर मोठा गोंडा होता.”

गोंडा कधीच नव्हता.

“फेकायला तयार राहा,” तो म्हणाला आणि टोपी माझ्या हातात कोंबली.

मी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. कंजूस म्हणा, काहीही म्हणा. पण त्या पोराने उघड्या गोलसमोर मान वर केली आणि चकती शेजारच्या सोबत्याला देऊन टाकली. सोबत्याने गोल मारला; त्या सोबत्याचा तो हंगामातला पहिलाच म्हणे. पंधरा हजार माणसं एकदम “अरेरे” म्हणाली आणि टोप्या पुन्हा डोक्यांवर गेल्या.

बाहेर वारा सुटला होता. कर्टिस गाडी आणायला गेला. ब्रिन आणि मी भिंतीच्या आडोशाला उभ्या राहिलो. ती हातांनी कान झाकत होती, मग हात गार पडले की खिशात घालत होती, मग पुन्हा कान. मला मागच्या दाराशी उभा असलेला तो पोरगा आठवला.

मी टोपी तिच्या डोक्यावर घातली आणि कानांवरून खाली ओढली. बरोबर बसली. काठाची घडी नीट केली.

“अहो, तुमची आहे ना?”

“नाही. माझ्याकडे होती नुसती.”

“गरम आहे,” ती म्हणाली. मग बापासारखं, बोलायच्या आधी हसून, “हॅटट्रिक झाली की फेकू ना?”

“फेकलीस तर हात मोडून ठेवीन.”

ती खो खो हसली. गाडी आली. कर्टिसने काच खाली करून लेकीकडे पाहिलं. “वा, छान दिसते. आभार मानलेस का?” आणि मला म्हणाला, “आता पुन्हा तीस वर्षं घालवू नकोस हं. फोन करत जा.”

“तूच कर,” मी म्हटलं.

गाडी वळली, दिवे दिसेनासे झाले, तरी मी उभी होते. कबुली द्यायला गेलेली बाई कबुली एका पोरीच्या डोक्यावर ठेवून परत आली. भित्रेपणा म्हणा त्याला. दुसरं नाव मलाही सापडलेलं नाही. त्या पोरीला वस्तू जपायची सवय आहे. आज ना उद्या ती टोपी धुवायला काढेल, घडी उलटेल, फितीवरचं नाव वाचेल, आणि बापाला विचारेल की खोली एकशे बारा म्हणजे काय.

मग फोन येईल. तो चिडेल, शिव्या देईल, कदाचित रडेल. पण मग त्याला बस आठवेल. खिडकीवरचं दहिवर आठवेल. शेजारी कोण बसलं होतं ते आठवेल.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. नदीवरचा बर्फ फुटला. काल दुपारी त्या थांब्यावर दार उघडलं तर आत ऊन आलं, आणि पहिल्यांदाच कुणी कुरकुरलं नाही. चढणाऱ्या शाळकरी पोरांची डोकी उघडी होती. कॅल्गरीतही आता टोप्या कपाटात गेल्या असतील. म्हणजे नोव्हेंबरपर्यंत काही नाही.

तरी फोन मी समोरच ठेवते, आवाज पूर्ण वाढवून. अनोळखी नंबरसुद्धा आता उचलते.